रिव्हॉल्व्हर, आरंभीच्या काडतूसकाळातील : खानदेशातील संग्रह

धातूच्या काडतुसांचा प्रसार झाल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निरनिराळ्या सैन्यांनी स्वीकारलेली फिरत्या कोठीची आखूड शस्त्रे. त्यापूर्वीच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू व गोळी समोरून ठासावी लागे. ब्रिटिश लष्कराने १८६८ मध्ये अ‍ॅडम्झ बनावटीचे काडतुसी रिव्हॉल्व्हर स्वीकारले. पुढे एनफील्ड (१८८०) व वेब्ली (१८८७) ही रिव्हॉल्व्हरे आली.

खानदेशात अशी शस्त्रे मुळातच थोडी. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीतील शिपायांची शस्त्रे वेगळी होती. रिव्हॉल्व्हर हे प्रायः अधिकाऱ्याचे शस्त्र आणि तेही बहुधा त्याने स्वखर्चाने घेतलेले. त्यामुळे त्यावर सरकारी मालकीचा बाण नसला, तरी ते बनावट ठरत नाही. बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा बाण उमटविलेला असल्यास ते सरकारी साठ्यातून विकले गेले होते, असे समजावे. घराण्यातील आख्यायिकांपेक्षा अशा खुणा अधिक विश्वसनीय होत. सातपुड्यातील अंबापाणीच्या लढाईशी (११ एप्रिल १८५८) ब्रिटिश काडतुसी लष्करी रिव्हॉल्व्हरचा संबंध कोणी जोडीत असल्यास तो ग्राह्य नाही; ते शस्त्र त्यानंतर दहा वर्षांनी आले. सोबतचा जुना परवानाही जपून ठेवावा. त्यात पूर्व वा पश्चिम खानदेशाचा उल्लेख असल्यास तो १९०६ च्या विभाजनानंतरचा होय. पुढे याच जिल्ह्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली.

१८७८ च्या शस्त्र अधिनियमाने सामान्य प्रजेस परवान्याविना बंदुका बाळगण्यास मनाई झाली. १९५९ च्या अधिनियमाने पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट दिली, पण ती दुरुस्तीनंतरही वापरता येणार नाहीत अशा स्थितीत असली तरच. ही कसोटी सुरक्षिततेच्या दृष्टीने समर्थनीय असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने घातक होती. नळी बुजविली, कोठी कापली किंवा घोड्याची कळ काढली, की टोपीच्या शस्त्राचे काडतुसी शस्त्रात रूपांतर कसे केले होते, हे सांगणारा भागच नष्ट होतो. आरंभीची अ‍ॅडम्झ तर अशीच रूपांतरित होती.

२०२० मधील नियमदुरुस्तीने ‘क्युरिओ’ या वर्गातील लघुशस्त्रे भारतीय नागरिकांना परवान्याविना बाळगता येऊ लागली. त्यांच्या वापरास व वाहतुकीस मात्र परवाना लागतो. गंज घासून नव्याने निळसर झिलई देण्याचा मोह संग्राहकाने टाळावा. तिच्याखाली प्रथम बुजतात त्या याच बारीक खुणा.