शून्य दाखवणारा मीटर

गेल्या महिन्यात एका रविवारी पहाटे साडेपाचला आईचा फोन. "अरे, तुझा तो डबा मोटर बंदच करत नाहीये. टाकी भरून पाणी जिन्यावरून खाली वाहतंय!"

तर पार्श्वभूमी अशी. आमच्या गावाकडच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे. ते हौदात साठवायचं आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. बाबांचे गुडघे दुखतात, टाकी भरली का ते बघायला वर-खाली करणं आता जमत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी रास्पबेरी पाय ४ विकत घेतला. म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. त्यावर होम असिस्टंट टाकलं, टाकीत सेन्सर सोडला, रिलेवरून मोटर जोडली. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला डेमो देऊन झाला :)

मग तो हँग व्हायला लागला. पहिल्यांदा मी अपडेटला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा मेमरी कार्ड बदललं आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं. तिसऱ्यांदा हा फोन. मोटर चालू असतानाच पाय गोठला आणि रिले होता तसाच राहिला. दोन दिवसांचं पाणी गटारात.

पुढच्या शनिवारी घरी जाऊन लॉग उघडला, तर एकच ओळ पुन्हा पुन्हा: 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड'. सॉफ्टवेअरवाल्याला सगळ्यात शेवटी संशय येतो तो विजेचा! पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपियरचा सप्लाय लागतो. मी लावला होता जुन्या मोबाइलचा २ अँपियरचा चार्जर आणि एक लांब, बारीक केबल. शाळेतला ओहमचा नियम आठवा. केबलचा रोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपियरला ०.४ व्होल्ट केबलमध्येच गेले, बोर्डापर्यंत पोचले ४.६. पाय साधारण ४.६३ च्या खाली गेला की कुरकुरतो. एरवी निवांत असतो तेव्हा भागतं, पण डेटाबेस लिहिणं आणि रिले ओढणं एकदम आलं की व्होल्टेज बसतं. त्यात कार्डावर अर्धवट लिहिलं गेलं की फाइलींची वाट लागते.

मनात आलं, कमी विजेवर चालतो म्हणून घेतला, आणि विजेअभावीच मेला? या 'कमी विजे'चा इतिहास शोधला आणि एक भन्नाट गोष्ट सापडली.

गोष्ट इंग्लंडातल्या केंब्रिजची. तिथल्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो काढला, तो ब्रिटनमधल्या शाळाशाळांत पोचला. पुढच्या कॉम्प्युटरसाठी त्यांना बाजारातला कुठलाच प्रोसेसर पसंत पडेना. अमेरिकेत फिनिक्सला जाऊन पाहतात तर तिथे मोजकी माणसं साध्या घरात बसून प्रोसेसर डिझाइन करतायत. म्हणाले, मग आपल्यालाही जमेल. १९८३ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर कामाला लागले. हाताशी पैसे नाहीत, माणसं नाहीत. म्हणून डिझाइन जेवढं साधं ठेवता येईल तेवढं ठेवलं.

कमी वीज हे काही त्यांचं मोठं स्वप्न नव्हतं. चिप स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची तर ती तापून चालणार नव्हती, म्हणून एक वॉटच्या आत राहायचं, एवढंच. नेमका अंदाज बांधायची साधनं नव्हती, म्हणून प्रत्येक ठिकाणी हात राखून काम केलं. २६ एप्रिल १९८५ ला पहिल्या चिप आल्या. बोर्डावर बसवल्या आणि चालल्या! पुढे फर्बरने किती वीज जाते ते मोजायला मीटर जोडला, तर काटा शून्यावर. चिप तर प्रोग्राम चालवतेय! शोधल्यावर कळलं की बोर्डातल्या चुकीमुळे चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. बाकीच्या सर्किटमधून सिग्नलच्या पायांवाटे जी वीज झिरपत होती, तिच्यावर ती चालली होती. तिची खरी गरज निघाली वॉटच्या दहाव्या हिश्श्याएवढी.

ही चिप म्हणजे पहिली आर्म. ॲपलला हातात मावणाऱ्या न्यूटनसाठी अशीच चिप हवी होती, म्हणून १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. न्यूटन आपटला, पण आर्म मोबाइलमध्ये शिरली. आपल्या जुन्या नोकिया ६११० मध्ये तीच होती. आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला केंब्रिजमध्येच ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला, पोटात आर्म घेऊन. त्याची मॉडेल ए आणि बी ही नावंसुद्धा बीबीसी मायक्रोवरून घेतलेली.

म्हणजे या सगळ्याचं मूळ काटकसरीत आहे. पण विल्सन-फर्बरने काटकसर केली ती चिपच्या गरजेत, आणि मी केली ती पुरवठ्यात. त्यांची चिप उष्ट्या विजेवर चालली म्हणून माझ्या पायने चालावं, हे काही खरं नाही. तिच्यात २५ हजार ट्रान्झिस्टर होते. पाय ४ मध्ये १५०० मेगाहर्ट्झचे चार कोअर, शिवाय मेमरी, वाय-फाय आणि माझा रिले. आणखी एक फरक म्हणजे फर्बरने मीटर लावला. मी दोनदा इन्स्टॉल केलं, पण मीटर एकदाही लावला नाही.

असो. आता ३ अँपियरचा सप्लाय आणि आखूड केबल आहे. मोटरच्या वायरिंगमध्ये इलेक्ट्रिशियनकडून साधा फ्लोट स्विचही बसवून घेतलाय. पाय मेला तरी टाकी भरल्यावर मोटर बंद होणारच. पाणी वाया जाऊ न देणं ही जबाबदारी एकट्या सॉफ्टवेअरवर सोडायची नसते, हे इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवून मला जिन्यावरच्या पाण्याने शिकवलं.

बाबा सगळं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे चार्जरचे पैसे वाचवलेस होय रे?"

मी काय बोलणार! चला, उद्या सोमवार.