दुखणे नावाचा राखणदार

चुलीवर ज्वारीची भाकरी उलटताना बोट चुकून तव्याला लागते. "आई गं!" म्हणायच्या आतच हात मागे आलेला असतो. हा हात मागे घेतला कुणी? कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना चटका कळला. ती वर्दी तंतूंवाटे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला पोचली आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटला, "हात काढ!" मेंदूला खबर लागून "भाजलं" असे वाटते, ते क्षणभर मागाहून. गावात आग लागली तर पाटील आधी माणसे धाडतो, तालुक्याला मग कळवतो. तसाच हा कारभार.

पण वर्दी देणारा जासूदच मेला तर?

लहानपणी आषाढीला पंढरपूरला गेलो, म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटात बोटे नसलेले हात पुढे येत. आजी मला जवळ ओढून म्हणे, "महारोगानं बोटं झडतात रे बाबा." शेकडो वर्षे लोकांची हीच समजूत होती. कुणी त्याला पूर्वजन्मीचे पाप म्हणाले, कुणी रोग्याला गावकुसाबाहेर काढले. १८९८ च्या सरकारी कायद्याने तर निराधार रुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याची सोय केली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

पापाच्या कल्पनेला पहिला धक्का दिला नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी. १८७३ साली त्यांनी या रोगाचा जंतू दाखवला. हा जंतू कातडीत आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत घर करतो. कोपराच्या आतल्या बाजूला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? ती तिथली नस. या रोगात ती सुजते, जाड होते आणि हळूहळू मुकी पडते. मग करंगळीला ना चटका कळतो, ना काटा. पुढे बोटे वाकडी होतात.

दुसरा धक्का बसला आपल्याच देशात. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे शल्यवैद्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले. रुग्णांचे हात ते रोज बारकाईने पाहत. त्यांच्या ध्यानात आले की बोटे आपोआप झडत नाहीत. रुग्ण गरम भांडे उचलतो, त्याला भाजल्याचे कळत नाही. खिळा रुततो, तो चालतच राहतो. रात्री उंदीर कुरतडतो, झोप मोडत नाही. जखम चिघळते, हाड झिजते. म्हणजे बोट खाल्ले ते दुखापतीने. रोगाने फक्त राखणदार मारला.

आपल्या महाराष्ट्राने या कामी मोठी माणसे दिली. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला रुग्णसेवा सुरू केली. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींचे अंग स्वतःच्या हाताने चोळले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभे केले, बाबा आमटे यांनी वरोऱ्याला आनंदवन वसवले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी शस्त्रक्रियेने वाकड्या बोटांना पुन्हा कामाला लावले. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे मिळून देण्याची पद्धत सांगितली, आणि आता रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो.

औषधाने जंतू मरतो. पण पुरता मेलेला तंतू बहुधा परत येत नाही. म्हणून सारी लढाई वेळेची आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. श्रोतेहो, न दुखणे हीच इथे धोक्याची घंटा! डोळे मिटून त्या चट्ट्यावर कापूस फिरवून पाहा. स्पर्श कळला नाही तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. औषध फुकट मिळते.

आणि गुरुजी, बाई, तुम्हांला एक विनंती. वर्गात एखाद्या पोराच्या अंगावर असा चट्टा दिसला, तर त्याला मागच्या बाकावर बसवू नका. शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जा, आईबापांना हे सगळे नीट समजावून सांगा. बहुतेकांच्या शरीरात या जंतूशी लढायची ताकद मुळातच असते, आणि औषध सुरू झाले की रोग पसरायचा लवकरच थांबतो. नस मुकी पडण्याआधी ते पोर दवाखान्यात पोचले, तर त्याची दहाही बोटे शाबूत राहतील.