मातृत्वाच्या छायेतील किशोरी

भारतात वयात येणाऱ्या मुलीच्या शरीराची जाहीर चर्चा प्रथम विवाहाच्या वयावरून झाली. तिच्या आरोग्याची स्वतंत्र दखल घेण्यास मात्र त्यानंतर जवळजवळ एक शतक जावे लागले. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहावरील टिपणे प्रसिद्ध करताच वादाला तोंड फुटले. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी १८९० मध्ये मुंबईतील हिंदूंपुढे या प्रथेविरुद्ध व्याख्यान दिले आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय ठरविणाऱ्या कायद्याने, ही मर्यादा १० वरून १२ वर्षांवर आणली. टिळकांचा विरोध आणि आगरकरांचा पाठिंबा यांमुळे महाराष्ट्रात हा वाद धर्मात सरकारने हात घालावा की नाही या प्रश्नाभोवतीच अधिक फिरला, आणि मुलीची प्रकृती त्यात दुय्यम ठरली.

स्वातंत्र्यानंतरही दृष्टी फारशी बदलली नाही. रक्तातील हिमोग्लोबिन घटल्यामुळे होणाऱ्या रक्तक्षयाला आळा घालण्यासाठी १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, परंतु त्याचा भर गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांवर होता. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून उभ्या राहिलेल्या अंगणवाडीचेही मुख्य लाभार्थी हेच होते. मुलगी सहा वर्षांची झाली की अंगणवाडीच्या नोंदवहीतून बाहेर पडे आणि गरोदर राहिल्यावरच पुन्हा तिच्यात येई. ११ ते १८ वयोगटातील मुलींसाठी या योजनेत स्वतंत्र तरतूद १९९१ मध्ये झाली.

त्याआधी १९८९ मध्ये डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात १३ वर्षे व त्यावरील वयाच्या ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या, त्यांत अविवाहित मुलीही होत्या. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. स्त्रीच्या दुखण्याचा विचार बाळंतपणापुरता करणे किती अपुरे आहे, हे या आकड्यांइतके स्पष्टपणे क्वचितच कशाने दाखविले असेल.

पुढे शाळा हेच प्रतिबंधक सेवेचे ठिकाण झाले. साप्ताहिक लोह पूरक कार्यक्रमात किशोरवयीनांना १०० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली निळी गोळी शिक्षकांच्या समक्ष, जेवणानंतर देण्यात येऊ लागली, कारण रिकाम्या पोटी ती घेतल्यास मळमळते; त्याच्या जोडीला जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा मिळू लागली. शौचाचा रंग काळा होतो या भीतीने गोळी टाकून देणाऱ्या मुलींची समजूत घालता यावी म्हणून शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी स्वतःही ती घ्यावी, असे सुचविण्यात आले. ही सूचना शहाणपणाची होती. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयोगटाच्या पोषणाबरोबर मानसिक आरोग्य, हिंसा व व्यसने हेही विषय हाती घेतले. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अस्मिता योजनेने शाळकरी मुलींना ८ सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट ५ रुपयांत देऊ केले.

या सर्व योजनांनंतरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५४.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५९.१ टक्क्यांवर गेलेले आढळले.