मीटरविना मोजणी

पार्सेकचे फर्मी करायचे, तर आज कागदाचा कोपरा पुरतो. पार्सेक हे ताऱ्यांच्या अंतराचे एकक, सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांचे. फर्मी अणुकेंद्राच्या मापाचे. एका पार्सेकमध्ये ३०८५७ वर २७ शून्ये इतके फर्मी बसतात. शून्ये नीट मोजली की काम झाले. पण अशा हिशेबाची खरी अडचण शून्यांची कधीच नव्हती. आकाश मोजणारे आणि अणू मोजणारे, दोघांचेही बरेच दिवस मीटरशिवायच चालले होते.

केप्लरने १६१९ मध्ये ग्रहांचा तिसरा नियम मांडला आणि सूर्यमालेचा नकाशा तयार झाला. पृथ्वी ते सूर्य हे अंतर १ धरले, तर गुरू ५.२ वर. नकाशा चोख, फक्त त्यावर प्रमाण लिहिलेले नव्हते. ते ‘१’ म्हणजे किती कोस, किती मैल? १६७२ मध्ये ज्योतिर्विद कॅसिनीने पॅरिसहून आणि रिशेने दक्षिण अमेरिकेतल्या केयेनहून एकाच वेळी मंगळ पाहिला. त्यातून उत्तर आले सुमारे १४ कोटी किलोमीटर.

याहून चांगला आकडा शुक्राच्या अधिक्रमणातून, म्हणजे तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो त्यातून, मिळेल, ही ज्योतिर्विद हॅलीची सूचना. १७६१ आणि १७६९ च्या अधिक्रमणांसाठी युरोपातून मोहिमा निघाल्या. ल जांतील हा फ्रेंच ज्योतिर्विद पाँडिचेरीला यायला निघाला, तर वाटेतच गाव इंग्रजांच्या ताब्यात गेल्याचे कळले. पहिले अधिक्रमण त्याने हलत्या जहाजावरून पाहिले, म्हणजे मोजणीच्या दृष्टीने वायाच गेले. दुसऱ्यासाठी तो मायदेशी न परतता आठ वर्षे थांबला. पाँडिचेरीत वेधशाळा उभारली, आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. मायदेशी परतला तेव्हा त्याला मृत समजून वारसांनी मालमत्तेची वाटणी चालवली होती.

ज्यांना आकाश स्वच्छ मिळाले त्यांचीही पंचाईत झाली. शुक्राचा काळा ठिपका सूर्याच्या कडेपासून सुटता सुटेना. मध्ये काळी शेपटी ताणली जाई. शेजारी उभ्या असलेल्या दोन निरीक्षकांच्या वेळाही जुळत नसत. ज्योतिर्विद एंकेने पुढे ही सगळी निरीक्षणे एकत्र करून काढलेले अंतर होते सुमारे १५ कोटी ३३ लाख किलोमीटर, खऱ्यापेक्षा जवळपास ३७ लाखांनी जास्त.

दुसरे टोक अणूंचे, आणि ते सुरू होते स्वीडनमधल्या उप्साला गावात. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ आंगस्ट्रॉमने १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा छापला आणि तरंगलांबीसाठी मीटरचा एक हजार कोटीवा भाग वापरला. आज तेच एकक त्याच्या नावाने चालते. मात्र त्याची मीटरची पट्टीच किंचित चुकीची होती. तो १८७४ मध्ये वारला; दुरुस्त आकडे त्याचा सहकारी तालेन याने १८८४ मध्ये दिले.

पुढे स्वीडनच्याच भौतिकशास्त्रज्ञ सीगबानने क्ष-किरणांच्या तरंगलांब्या इतक्या बारकाईने मोजल्या, की त्यांची गुणोत्तरे मीटरपेक्षा कितीतरी पक्की निघाली. मग त्याने मीटरचा नाद सोडला. कॅल्साइटच्या स्फटिकातल्या दोन थरांमधले अंतर ३०२९ च्या आसपास ठरवून टाकले आणि त्यावरून ‘एक्स युनिट’ बेतले. केप्लरसारखाच हा बिनप्रमाणाचा नकाशा. एक एक्स युनिट म्हणजे फर्मीच्या शंभरपट असावे, असा बेत होता.

थरांमधले खरे अंतर काढायला स्फटिकात किती रेणू आहेत हे माहीत हवे, आणि तो आकडा भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून मोजलेल्या इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर उभा. १९२८ च्या सुमारास उप्सालातच बेकलिनने रेषा कोरलेल्या जाळीवरून क्ष-किरण थेट मोजले, तेव्हा फरक दिसला. एक्स युनिट सुमारे ०.२ टक्क्यांनी मोठे भरत होते. मूळ शोधत गेल्यावर ते मिलिकनच्या त्या थेंबांपर्यंत पोचले: त्याने हवेच्या चिकटपणाची किंमत चुकीची धरली होती, म्हणून विद्युतभार ०.६ टक्क्यांनी कमी आला होता. नोबेल मिळवून देणारा आकडा लांबी मोजणाऱ्यांनी दुरुस्त केला, हे या इतिहासातले सर्वांत देखणे प्रकरण म्हणायला हवे.

फर्मी या एककाचे त्या मानाने सोपे. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी १९५४ मध्ये गेला आणि हॉफस्टॅटर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये त्याचे नाव एककासाठी सुचवले.

इकडे आकाशाच्या टोकाला, अवकाशयानांच्या काळात सूर्याच्या अंतराचा नुसता अंदाज पुरणारा नव्हता. १९३०-३१ मधल्या ईरॉस लघुग्रहाच्या निरीक्षणांवरून ज्योतिर्विद स्पेन्सर जोन्सने काढलेला आकडा अनेक वर्षे प्रमाण मानला जात होता. १९६१ मध्ये शुक्रावरून रडारचे प्रतिध्वनी परत आले आणि त्या आकड्यात सुमारे ७५ हजार किलोमीटरची चूक निघाली. पुढच्याच वर्षी मरिनर-२ हे यान शुक्रापासून जेमतेम ३५ हजार किलोमीटरवरून गेले.

दोन्ही टोके जोडून थट्टाही झाली आहे. अणुकेंद्राच्या छेदाचे एकक ‘बार्न’, अमेरिकेत १९४२ मध्ये अणुबाँबच्या कामात निघालेले. छेदाचे क्षेत्रफळ एक बार्न आणि लांबी दहा लाख पार्सेक असलेल्या नळीत पाणी मावेल फक्त तीन मिलिलिटर.

मीटर १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगाला बांधला गेला. २०१२ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या बीजिंग अधिवेशनात पृथ्वी-सूर्य अंतराचे एकक, म्हणजे खगोलीय एकक, ठरावाने कायम झाले: १४९,५९७,८७०,७०० मीटर. पार्सेकची व्याख्या २०१५ मध्ये त्यावरच बेतली गेली. एक्स युनिटच्या वाट्याला असा ठराव आला नाही. जुनी क्ष-किरण कोष्टके वापरायची, तर अजूनही आधी १.००२ ने गुणून घ्यावे लागते.