कोमागाता मारू : ‘अखंड प्रवासा’ची अट आणि बंदरात अडकलेले जहाज

१/
२३ मे १९१४. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर बंदरात ‘कोमागाता मारू’ हे जपानी जहाज दाखल झाले. त्यावर ३७६ भारतीय प्रवासी होते; बहुसंख्य पंजाबी शीख, काही मुसलमान आणि हिंदू. सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा घटक. तरीही मोजके अपवाद वगळता कोणालाही किनाऱ्यावर उतरू दिले गेले नाही.

२/
आज परदेशप्रवास म्हटला की पासपोर्ट, व्हिसा, बँकेतील शिलकीचा दाखला, परतीचे तिकीट अशी यादी डोळ्यांसमोर येते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून कॅनडाला जाण्यासाठी यांतील बहुतेक गोष्टी लागत नसत. तिकिटाचे पैसे जमले की माणूस जहाजावर चढे. मग या प्रवाशांना अडवले कशाने?

३/
उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १९०४ ते १९०८ या काळात सुमारे ५ हजार भारतीय ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पोहोचले. लाकडाच्या गिरण्यांत आणि लोहमार्गांच्या कामावर ते राबत. गोऱ्या कामगारांत आशियाई मजुरांविषयी असंतोष वाढत गेला. सप्टेंबर १९०७ मध्ये व्हँकूव्हरमधील चिनी आणि जपानी वस्त्यांवर जमावाने हल्ले केले. त्याच वर्षी प्रांताने भारतीयांचा मताधिकारही काढून घेतला.

४/
कॅनडा सरकारपुढे पेच होता. चिनी माणसावर ५०० डॉलरची डोईपट्टी आधीच लादलेली होती. जपानशी वाटाघाटी करून तेथून येणाऱ्यांची संख्या मर्यादित करता आली. भारतीयांचे काय? एकाच राजाच्या प्रजेला उघड बंदी घातली, तर भारतात संताप उसळेल आणि लंडनची अडचण होईल, ही भीती होती.

५/
जानेवारी १९०८ मध्ये एक आदेश निघाला. ज्या देशात जन्म झाला किंवा ज्याचे नागरिकत्व आहे, त्या देशातून, तेथेच काढलेल्या थेट तिकिटावर, अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, अशी त्यात तरतूद होती. भारताचा उल्लेख कोठेही नव्हता. पाठोपाठ दुसरी अट आली. आशियाई प्रवाशाजवळ २०० डॉलर असलेच पाहिजेत. पूर्वी ही रक्कम २५ डॉलर होती.

६/
पहिल्या अटीचा अर्थ नकाशा पाहिल्यावर कळतो. भारतातून कॅनडाला जाणारा प्रवासी सामान्यतः हाँगकाँग वा जपानमध्ये जहाज बदलत असे. थेट प्रवासाची सोय ‘कॅनेडियन पॅसिफिक’ ही कंपनी करू शकत होती. पण भारतात थेट तिकिटे विकू नयेत, यासाठी सरकारने तिच्यावर दबाव आणला. म्हणजे अट घालणाऱ्यानेच ती पूर्ण करण्याचा मार्गही बंद केला होता.

७/
हे आदेश न्यायालयात मात्र डळमळीत ठरत. नोव्हेंबर १९१३ मध्ये ‘पनामा मारू’ जहाजातून आलेल्या भारतीयांच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश हंटर यांना आदेशांची शब्दरचना मूळ कायद्याशी जुळत नसल्याचे आढळले. प्रवासी सुटले. सरकारने जानेवारी १९१४ मध्ये शब्द दुरुस्त करून तेच आदेश पुन्हा काढले.

८/
सिंगापूर आणि मलायात व्यवसाय करणारे गुरदित सिंग यांनी याच काळात एक जहाज भाड्याने घेतले. भारतीयांची वाट स्वतःच्या जहाजाने मोकळी करावी आणि वेळ आल्यास कायद्याची कसोटी पाहावी, असा त्यांचा विचार होता. ४ एप्रिल १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हाँगकाँगहून निघाले. शांघाय, मोजी आणि योकोहामा येथे आणखी प्रवासी चढले. प्रवासाचा आरंभ भारतातून झालेला नव्हता. ‘अखंड प्रवासा’ची अट शब्दशः लावली, तर ती येथेच मोडली होती.

९/
व्हँकूव्हरमध्ये जहाजाभोवती गस्ती नौकांचा पहारा बसला. पूर्वी कॅनडात राहिलेल्या सुमारे २० जणांना उतरू दिले गेले. बाकीचे जहाजावरच अडकले. अन्न आणि पाणी संपत आले. किनाऱ्यावरील भारतीयांनी समिती स्थापन केली, वर्गणी जमवून जहाजाच्या भाड्याचे थकलेले हप्ते भरले आणि एडवर्ड बर्ड या वकिलाकडे काम सोपवले.

१०/
चाचणी खटला मुन्शी सिंग या शेतकऱ्याचा उभा राहिला. ६ जुलै रोजी अपील न्यायालयाने एकमताने निकाल दिला. देशात कोणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कॅनडाच्या संसदेला आहे आणि ब्रिटिश प्रजाजन असल्याने त्यातून सुटका होत नाही, असा त्याचा आशय होता. ‘साम्राज्याची समान प्रजा’ या कल्पनेवर विसंबलेल्यांना हा मोठा धक्का होता.

११/
१९ जुलैच्या पहाटे ‘सी लायन’ या नौकेतून सशस्त्र पोलीस जहाजावर ताबा मिळवायला निघाले. प्रवाशांनी कोळशाच्या ढेकळांचा मारा करून त्यांना परतवले. तेव्हा ‘रेनबो’ ही युद्धनौका आणण्यात आली. अखेर परतीच्या प्रवासासाठी अन्नसामग्री मिळाल्यावर २३ जुलै रोजी, बरोबर २ महिन्यांनी, जहाज माघारी फिरले.

१२/
जहाज समुद्रात असतानाच पहिले महायुद्ध पेटले. ५ सप्टेंबर रोजी भारत सरकारने एक वटहुकूम काढला. बाहेरून भारतात येणाऱ्या कोणाच्याही हालचालींवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळाला. परक्या देशात प्रवेशाच्या अटींपायी परतवलेल्या या लोकांपुढे मायदेशाच्या दारातही आता अटच उभी होती.

१३/
२९ सप्टेंबर रोजी कलकत्त्याजवळच्या बजबज येथे त्यांना उतरवण्यात आले आणि खास गाडीने थेट पंजाबला जाण्याचा हुकूम झाला. अनेकांनी नकार दिला व ते पायी कलकत्त्याकडे निघाले. त्यांना अडवून मागे आणले गेले. तेथे झटापट झाली आणि गोळीबारात सुमारे २० प्रवासी मारले गेले. गुरदित सिंग निसटले; पुढे १९२१ मध्ये ते स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

१४/
या घटनेने गदर चळवळीच्या प्रचाराला धार आली. त्या वर्षअखेरीस अमेरिकेतून उठावासाठी परतलेल्या गदर क्रांतिकारकांत पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तार सिंग सराभा यांच्यासमवेत त्यांना फाशी देण्यात आली.

१५/
युद्धकाळात प्रवासावरील नियंत्रण सर्वत्र घट्ट झाले. १९१७ च्या नियमांनी भारताबाहेर जाण्यासाठी पासपोर्ट आवश्यक केला, तर १९२० च्या कायद्याने भारतात येण्यासाठी. युद्ध संपले, कागदपत्रांची सक्ती मात्र कायम राहिली. ‘अखंड प्रवासा’ची अट कॅनडाने १९४७ मध्ये रद्द केली. मे २०१६ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत या प्रकरणी औपचारिक माफी मागितली.

१६/
१९०८ चा तो आदेश नुसता वाचला, तर प्रवासाच्या मार्गाविषयीचा एक कोरडा नियम वाटतो. त्यात वंश नाही, धर्म नाही, देशाचे नावही नाही. म्हणून प्रवेशाचे जुने नियम अभ्यासताना मजकुराशेजारी जहाजांची वेळापत्रके, तिकिटांची विक्री आणि मजुरीचे दर ठेवून पाहावे लागतात. अट सर्वांना सारखीच लागू होती; ती पूर्ण करणे कोणाला शक्य होते, हा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही.