गावाजवळची दगडखाण: रॉयल्टी सरकारला, मग खर्च कुणाला?

शिवारात दगडखाण सुरू झाली की गावात पहिला प्रश्न निघतो, "परवाना आहे का?" आहे म्हटलं की बरेच जण गप्प बसतात. पण परवाना म्हणजे नेमकं काय, त्यातून सरकारला काय मिळतं आणि त्यावर लक्ष ठेवायला आपल्याच पैशातून काय खर्च होतं, हे जाणून घेणं गरजेचं आहे.

दगड कुणाचा?
सातबारा तुमच्या नावावर असला तरी, सरकारने वेगळं लिहून दिलं नसेल तर खनिजावरचा हक्क राज्य सरकारचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 48 मध्ये तसं स्पष्ट आहे. बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू ही 'गौण खनिजं'. त्यांचे नियम राज्याने करायचे, असं केंद्राचा 1957 चा खाण कायदा सांगतो. त्यानुसार आपल्याकडे 2013 चे गौण खनिज नियम आहेत.

खाण कायम चालवायची तर खाणपट्टा, थोड्या दिवसांसाठी तात्पुरता परवाना. पट्ट्यासाठी खाणकामाचा आराखडा आणि पर्यावरण मंजुरी लागते. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही ही मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी सांगितलं.

सरकारला किती मिळतं?
जुलै 2021 पासून दगडाची रॉयल्टी ब्रासला 600 रुपये झाली. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. धरून चला, एका हायवात 5 ब्रास माल बसतो. म्हणजे एका खेपेला 3,000 रुपये. रोज 10 खेपा आणि वर्षाचे 250 दिवस धरले तर होतात 75 लाख. पण निम्म्या गाड्या पासशिवाय गेल्या, तर साडेसदतीस लाख बुडाले. गाडी आणि दगड तेवढाच, खड्डाही तेवढाच. पैसे मात्र अर्धे.

लक्ष कोण ठेवतं?
म्हणूनच लक्ष ठेवावं लागतं. ते काम तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे. यातलाच तलाठी फेरफार करतो, अवकाळी पावसात पिकांचे पंचनामे करतो. रात्री गाड्या धरायला पथक लागतं, पोलीस लागतात. किती दगड निघाला ते बघायला ईटीएस यंत्राने खाणीची मोजणी करावी लागते. विनापरवाना दगड काढला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, पण दंडाविरुद्ध अपील होतं, तारखा पडतात. त्याचाही खर्च होतोच.

शिवाय गावचा रस्ता. तो ट्रॅक्टर, एसटी आणि दुचाकीच्या हिशेबाने बांधलेला. त्यावरून भरलेले हायवा गेले की खडी उघडी पडते. दुरुस्ती जिल्हा परिषदेच्या निधीतून. तलाठ्याचा पगार एका खात्यातून, रस्ता दुसऱ्या, धुळीने खोकणाऱ्याचं औषध तिसऱ्या. त्यामुळे एका खाणीमागे एकूण किती खर्च झाला, हे एका कागदावर दिसत नाही. रॉयल्टीचा आकडा मात्र ठळक दिसतो.

सगळ्यात मोठी किंमत शेवटी कळते. खाण बंद झाली की खड्ड्यात पाणी साठतं. जनावरं घसरतात, पोरं पोहायला जातात.

मग नोंदणी नकोच का?
तसं नाही. नोंदणी नसेल तर खड्डा कुणी केला हेच सांगता येत नाही. नोंदणीमुळे नाव कळतं, गट नंबर कळतो, हद्द कळते. पण परवाना ही सुरुवात आहे. पुढे कुणी बघितलंच नाही तर तो नुसता कागद उरतो.

गावाने काय विचारावं?
• खाणपट्टा कोणत्या गटात, किती क्षेत्राचा, कधीपर्यंत?
• पर्यावरण मंजुरीची प्रत आणि त्यातल्या अटी काय?
• शेवटची ईटीएस मोजणी कधी झाली? मोजणीत निघालेले ब्रास आणि रॉयल्टी भरलेले ब्रास जुळतात का?
• खाण बंद करताना कुंपण आणि भराव कोण करणार?
• जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांसाठी असतो. आपलं गाव त्या यादीत आहे का?

माहिती अधिकारात 10 रुपये भरून तहसील किंवा खनिकर्म कार्यालयात अर्ज करता येतो. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना आणखी एक अधिकार आहे. 1996 च्या पेसा कायद्यानुसार तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते.

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. मोजणीचे ब्रास आणि पावतीचे ब्रास शेजारी शेजारी ठेवले, की खाण नियमात चालते की नुसती कागदावर, ते ग्रामसभेतच कळतं.