रिठी गाव आणि बिननावाची टोली

आपल्या भंडारा जिल्ह्यातला सातबारा काढला की कधीकधी मौज्याच्या नावापुढं 'रिठी' लिहिलेलं दिसते. रिठी म्हणजे ओसाड. नाव आहे, नकाशा आहे, शिव आहे, बांध्यांचे गट नंबर आहेत, पण तिथं चूल पेटत नाही. साकोली, लाखांदूरकडच्या लोकांना हे नवीन नाही.

उलट प्रकार म्हणजे टोली. तिथं माणसं आहेत, मातामाय आहे, बोडी आहे, पण महसुलात नाव नाही. कागदावर ती दुसऱ्याच मौज्याचा एक कोपरा. माणूस नसलेल्या जागेला गाव म्हणायचं अन् माणसं असलेल्या जागेला नाही, हे कसं झालं?

आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी मौजा हे एकक पक्कं करून मालगुजाराला मालक ठरवलं. शेतसारा मौज्यावर बसला, माणसं राहोत की न राहोत. मग 1899-1900 चा दुष्काळ आला. 1901 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 6,63,062 भरली (आजचा गोंदिया धरून), म्हणजे दहा वर्षांत शेकडा 11 च्या आसपास घट. त्यानंतर 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. जुनी माणसं गाव उठल्याचं कारण हैजा, वाघ किंवा देवीचा कोप सांगतात. मला तरी यात भूक अन् रोगराईच जास्त दिसते. लोक गेले, पण साऱ्याची वही तशीच राहिली, म्हणून नाव टिकलं.

1951 मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले, आपण त्यांना अजून मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी! मालक बदलला, मौज्याच्या शिवा मात्र त्याच राहिल्या.

टोलीला याचा फटका कुठं बसते? निस्तार पत्रक मौज्याचं असते. सरण, चराई, माती, मुरूम, स्मशानाची जागा, सगळं त्यात. टोलीची गुरं कुठं चरायची, हे तीन किलोमीटरवरच्या मूळ गावाच्या पत्रकात शोधा. गावठाण नाही, म्हणून घराच्या जागेचाही घोळ. गटग्रामपंचायतीत एखादा मेंबर निवडून आला तर आला, नाही तर पाण्याच्या टाकीची मागणी दरवर्षी शेवटच्या पानावर.

कायद्यात वाट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार वाडीला स्वतंत्र महसुली गाव करता येते. जंगलातल्या वस्त्यांसाठी 2006 चा वनहक्क कायदाही आहे. अडते ते प्रस्ताव कोण लिहिते अन् त्याच्या मागं कोण फिरते, इथं.

रिठी फक्त इंग्रजांच्या काळातल्याच नाहीत बरं. 22 एप्रिल 1988 ला पवनी तालुक्यात गोसेखुर्दची पायाभरणी झाली. त्या पाण्याखाली गेलेली गावंही आता नावापुरतीच.

तुमच्या टोलीची शिव कोणत्या मौज्यात येते, तलाठ्याकडचा नकाशा पाहून खाली लिहा. जवळ रिठी असेल तर तिचंही नाव टाका. यादी झाली की ती घेऊन तहसीलला जाऊ.